बिऱ्हाड कोठे थाटावे?



पोटासाठी गाव सोडणे ही गोष्ट आपल्या समाजाला नवी नाही. आपले आजे-पणजे दुष्काळाने, कर्जाने अथवा गावकीच्या जाचाने गाव सोडून निघाले. मुंबईच्या गिरण्या, रेल्वेचे कारखाने, गोद्या, पलटणी, जेथे हाताला काम मिळाले तेथे ते गेले. राहण्याची जागा निवडण्याचा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हताच. अगोदर गेलेल्या सोयऱ्याच्या खोलीत जेवढी वळकटी पसरता येईल तेवढेच त्यांचे घर. आज त्यांचीच नातवंडे नियुक्तिपत्र हाती घेऊन गाव सोडीत आहेत. त्यांच्यामागे शिकलेली पत्नी आहे, शाळेत जाणारी मुले आहेत, म्हातारे आईबाप आहेत. पगार किती, हे त्यांना माहीत असते. कोठे राहावयाचे, हे मात्र पुष्कळांना अखेरच्या आठवड्यापर्यंत माहीत नसते. ज्याला निवड करण्याची मुभाच नव्हती त्याला दोष देता येणार नाही. परंतु ज्याला ती मिळाली आहे त्याने ती डोळे मिटून का करावी?

घर निवडताना आपल्यातील पुष्कळजण तीनपैकी एका वाटेने जातात. कोणी सर्वांत कमी भाड्याची खोली पाहतो. कोणी नातलगांच्या शेजारी जागा मिळाली की दुसरीकडे पाहातच नाही. आणि कोणी, पगार बरा असल्यास, एखाद्या प्रतिष्ठित सोसायटीत शिरतो. पण आडनाव अर्धे गिळून, भिंतीवरची तसबीर आतल्या खोलीत नेऊन. पहिल्याचा निर्णय पैशाने केला, दुसऱ्याचा भीतीने आणि तिसऱ्याचा लाजेने. स्वतःच्या बुद्धीने कोणीच केला नाही. यास्तव हा प्रश्न नीट मांडून पाहणे जरूर आहे.

ह्या बाबतीत आदर्श शोधावयास दूर जाण्याचे कारण नाही. सुभेदार रामजी सकपाळ यांच्या संसाराकडे पाहा. पलटणीतून निवृत्त झाल्यावर ते दापोलीस आले. तेथे कायम राहण्याचा विचार बदलून त्यांनी बिऱ्हाड साताऱ्यास हलविले. पुढे नोकरीनिमित्त त्यांना खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे जावे लागले. दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून सरकारने तेथे तलावाचे काम काढले होते व त्या कामावर ते खजिनदार होते. मुले मात्र साताऱ्यासच राहिली. १९०४ साली हे कुटुंब मुंबईस आले. परळच्या चाळीतील जागा अपुरी होती. पण भीमरावांना पुढे घातले ते एल्फिन्स्टन हायस्कुलात. एका सामान्य निवृत्त सैनिकाने खोली लहान पत्करली, शाळा लहान पत्करली नाही. ह्या एका निवडीचे फळ काय आले हे तुम्हांआम्हांस सांगावयास नको.

म्हणून पहिला नियम असा धरावा की, घर शाळेकडे पाहून निवडावे. कचेरीकडे अथवा कारखान्याकडे पाहून नव्हे. प्रवास बापाने करावा, मुलांनी करू नये. सहा वर्षांचे मूल बसमध्ये दीड तास उभे राहून शाळेत पोहोचते तेव्हा त्याची अर्धी शक्ती वाटेतच खर्च झालेली असते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना जवळच्या शाळेचा हक्क दिला आहे. पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर हे अंतर नियमांत धरलेले आहे. त्याच कायद्याच्या कलम १२ अन्वये खाजगी विनाअनुदानित शाळांनी आपल्या प्रवेशवर्गातील किमान पंचवीस टक्के जागा दुर्बल व वंचित गटांतील मुलांना द्यावयाच्या आहेत. ह्या प्रवेशात घर शाळेपासून किती दूर आहे हे पाहिले जाते व पत्त्याचा पुरावा मागितला जातो. म्हणजे भाड्याचा करार हा केवळ घरमालकाशी केलेला व्यवहार नव्हे. तो तुमच्या मुलाच्या शाळेच्या दाराची किल्लीही होऊ शकतो. वर्षाच्या मध्यावर बदली झाली व जुन्या शाळेचा दाखला वेळेवर आला नाही, एवढ्या कारणावरून नवीन शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, असेही हा कायदा सांगतो. हे ठाऊक नसल्यामुळे कित्येक मुलांचे महिने घरी बसून वाया जातात.

आता एक उदाहरण घेऊ. चंद्रपूर किंवा वाशीमकडील एका तरुणास पुण्याजवळ चाकण अथवा तळेगाव येथील कारखान्यात नोकरी लागली आहे असे समजा. कारखान्याला लागून असलेल्या गावात खोली स्वस्त मिळेल. पण शाळा कशी आहे? पाणी नळाचे की टँकरचे? टँकरचा खर्च भाड्यात धरलेला आहे की निराळा? रात्रपाळीहून परतताना रस्त्यावर दिवे आहेत काय? तळेगावची नोकरी असेल तर पुणे-लोणावळा लोकलच्या मार्गावरील दापोडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, देहूरोड ह्यांपैकी कोठेही राहून कामावर जाता येते. चाकणला रेल्वे नाही. तेथे कंपनीची बस कोठून कोठे जाते हे अगोदर विचारावे, आणि त्या बसच्या मार्गावर ज्या ठिकाणी चांगली शाळा असेल तेथे घर पाहावे. देहूरोडच्या बुद्धविहारात बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी स्वहस्ते बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली हे आपणांस ठाऊक आहेच. दापोडी-पिंपरी भागांतही आपल्या जुन्या वस्त्या आहेत. सांगण्याचा मुद्दा असा की, नकाशा समोर ठेवून अर्धा तास विचार केला तर शाळा, नोकरी आणि समाज ह्या तिन्ही गोष्टी पुष्कळदा एका रेषेत बसविता येतात. दलालाने दाखविलेली पहिली खोली पाहून बयाणा देणाऱ्याला ती रेषा कधी दिसत नाही.

हिशेब करताना भाडे तेवढे पाहू नये. भाडे, जाण्यायेण्याचा खर्च, पाणी, शाळेची फी, अनामत आणि दलाली ही सर्व रक्कम एका कागदावर मांडावी. दोन हजारांनी स्वस्त दिसलेले घर प्रवासात तीन हजार खात असेल तर ते स्वस्त कसले? आणि पहिल्या वर्षी घर विकत घेण्याच्या भरीस पडू नये. नवे शहर ऋतू पालटल्याखेरीज कळत नाही. पावसाळ्यात कोणता रस्ता तुंबतो व उन्हाळ्यात कोणत्या पेठेत पाणी येत नाही हे वर्षभर राहिल्यावरच समजते. शक्य असेल तर कमावत्याने प्रथम एकट्याने जावे, दोन-तीन महिने राहावे आणि शाळेचे वर्ष संपताच कुटुंब न्यावे. सुभेदारांनी मुले साताऱ्यास ठेवली होती हे विसरू नये.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे व ती आपल्या घरांत फार दुर्लक्षिली जाते. घर पाहावयास जातो पुरुष. त्या घरात दिवसाचे सोळा तास काढते स्त्री. पाणी कोणत्या वेळी येते, दळण कोठे मिळते, शेजारीण कशी आहे, अंधार पडल्यावर मुलीला दुकानात धाडता येईल की नाही, हे प्रश्न तिचे आहेत. ती शिकलेली असेल तर तिला काम कोठे मिळेल, पुढे शिकावयाचे असेल तर महाविद्यालय किती दूर, हेही प्रश्न आहेत. समतेची प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाने पत्नीला न विचारता कराराच्या कागदावर सही करावी, हे कोणत्या समतेत बसते? घर दोघांनी मिळून पाहावे आणि दोनदा पाहावे: एकदा सकाळी पाण्याच्या वेळी व एकदा रात्री दिवे लागल्यानंतर.

आता ज्या प्रश्नापाशी आपण सर्वजण अडखळतो तेथे येऊ. आपल्या वस्तीत राहावे की इतरांच्या शेजारी? जुने लोक सांगतात, आपल्या माणसांत राहा, अडीअडचणीला कोणी धावून येईल. नवे लोक सांगतात, वस्तीतून बाहेर पडा, नाहीतर मुले तेथेच अडकतील. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे, आणि दोन्ही म्हणणी अपुरी आहेत. वस्तीने आपल्याला संघटना दिली, जयंतीचा उत्सव दिला, संकटात खांदा दिला. परंतु ती वस्ती आपण निवडलेली नव्हती. गावाने आपल्याला वेशीबाहेर ठेवले त्याचीच ती शहरातील आवृत्ती पुष्कळ ठिकाणी झाली. गावाविषयी बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत जे कठोर मत मांडले त्याचा अर्थ एवढाच नव्हे की खेडे सोडून शहरात यावे. गावाने आखून दिलेली सीमा मनातूनही पुसावी, असा तो अर्थ आहे. केवळ भीतीपोटी वस्तीत राहणारा माणूस ती सीमा आपणच पुन्हा आखतो. त्याचप्रमाणे, केवळ लाजेपोटी वस्ती सोडणारा माणूसही तीच सीमा मान्य करतो. फरक एवढाच की तो तिच्या पलीकडे उभा राहून आपण इकडचे आहोत असे भासवितो.

हे भासविणे किती काळ टिकते? १९१७ साली न्यूयॉर्क व लंडन येथे शिकून आलेले बाबासाहेब बडोदे संस्थानच्या नोकरीवर रुजू होण्यास गेले. शहरात त्यांना राहावयास जागा मिळेना. अखेर एका पारशी विश्रामगृहात नाइलाजाने पारशी नाव सांगून त्यांनी आसरा घेतला. अकराव्या दिवशी हाती काठ्या घेतलेला जमाव दाराशी आला आणि त्यांना ते घर सोडावे लागले. दोन मित्रांकडे विचारले. दोघांकडेही सोय झाली नाही. कमाठीबागेत तासन् तास बसून त्या थोर विद्वानाने रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. ही हकीकत त्यांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ ह्या आत्मकथनात लिहून ठेवली आहे. आणि पुढे १९३० नंतरच्या दशकात, परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत वीस वर्षांहून अधिक काळ काढल्यावर, त्यांनी घर बांधले ते दादरच्या हिंदू कॉलनीत. ते ‘राजगृह’ त्यांनी स्वतःच्या नावाने, उजळ माथ्याने बांधले. त्यात आपल्या ग्रंथांना जागा दिली आणि आपल्या माणसांना दार उघडे ठेवले. बडोद्याचे घर उसन्या नावावर होते, ते अकरा दिवस टिकले. दादरचे घर स्वतःच्या नावावर होते, ते आजही उभे आहे. इतरांच्या शेजारी राहावे की नाही, ह्या प्रश्नाचे उत्तर मला येथे मिळते. कोठेही राहा; पण आपण आहोत तसे राहा.

ह्यावर तुम्ही म्हणाल, नाव सांगितल्यावर घरच मिळत नाही, त्याचे काय? प्रश्न खरा आहे व तो टाळण्यात अर्थ नाही. प्राध्यापक सुखदेव थोरात व त्यांचे सहकारी यांनी दिल्ली व आसपासच्या शहरांतील भाड्याच्या घरांचा अभ्यास करून २०१५ साली प्रसिद्ध केला. दलित व मुस्लिम भाडेकरूंना नावावरून नकार मिळतो, हेच त्यात दिसून आले. १९१७ आणि आज ह्यांत मग फरक काय? फरक असा की, तेव्हा कायदा आपल्या बाजूस नव्हता आणि आज आहे. घटनेच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. अनुच्छेद १९ ने देशात कोठेही राहण्याचे व स्थायिक होण्याचे स्वातंत्र्य दिले. १९५५ चा अस्पृश्यता गुन्हे कायदा, ज्याला १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात, त्याच्या कलम ४ मध्ये अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत घर बांधण्यास, घेण्यास वा त्यात राहण्यास आडकाठी करणे हा गुन्हा ठरविला आहे. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. १९९० साली संसदेने अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश केल्यामुळे धर्मांतराने हे संरक्षण हरपते ही शंकाही उरली नाही.

परंतु कायद्याची मर्यादाही ओळखली पाहिजे. अनुच्छेद १५ मध्ये दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, रस्ते यांचा नामनिर्देश आहे. भाड्याच्या खाजगी घराचा नाही. २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व आपल्याच समाजापुरते ठेवण्याचा तिचा पोटनियम वैध मानला. शिवाय घरमालक ‘जातीमुळे नाही’ असे क्वचितच म्हणतो. तो ‘घर कालच गेले’ असे म्हणतो. कायदा तुम्हाला उद्या सकाळी छप्पर मिळवून देणार नाही. म्हणून शहाणपणाने वागावे. दलालावर विसंबू नये. कचेरीतील, संघटनेतील, विहारातील ओळखीच्या माणसांस अगोदर लिहावे. सरकारी नोकर असल्यास निवासस्थानासाठी पहिल्याच दिवशी अर्ज करावा. घरमालकाने आडनाव विचारले तर स्वच्छ सांगावे. पुढचा प्रश्न आला तर ‘आम्ही बौद्ध आहोत’ असे शांतपणे सांगावे. दाराशी मिळालेला नकार कडू असतो. पण मुलाची परीक्षा तोंडावर असताना सामान रस्त्यावर येण्यापेक्षा तो बरा. ज्याला आज रात्री पावसात लेकरांना निवारा हवा आहे त्याने काय सांगून तो मिळविला याचा न्याय करण्याचा अधिकार मला नाही. पण ज्याच्या हाती आठ दिवस आहेत त्याने खोट्या नावाचे घर घेऊ नये. कारण त्या घरात मूल पहिला धडा कोणता शिकते? आपण कोण आहोत हे कोणाला सांगावयाचे नाही, हा. पुढे कोणत्याही शाळेत तो धडा पुसला जात नाही.

करार मात्र कागदावर आणि नोंदणी करूनच घ्यावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी व नोंदलेला असणे बंधनकारक आहे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद अथवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, वा दोन्ही, होऊ शकतात. आणि नोंदणी नसेल तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. ‘आपल्यात कागद कशाला?’ असे गोड बोलणाऱ्याशी अधिकच सावध राहावे.

आता जे महाराष्ट्राबाहेर जाणार आहेत त्यांच्यासाठी. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ८४ लक्ष बौद्ध मोजले गेले, त्यांपैकी सुमारे ६५ लक्ष एकट्या महाराष्ट्रात होते. बंगळूर, हैदराबाद, सुरत येथे गेल्यावर विहार व ओळखीचा माणूस चटकन सापडेलच असे नाही. परंतु याहून मोठी गोष्ट कायद्याची आहे. अनुच्छेद ३४१ प्रमाणे अनुसूचित जातींची यादी राज्यवार आहे. एका राज्यातील माणूस दुसऱ्या राज्यात नोकरीसाठी गेला तर त्या राज्याच्या नोकऱ्यांत व प्रवेशांत त्याला त्या सवलती मागता येत नाहीत, जातीचे नाव दोन्ही याद्यांत असले तरीही. १९९० पासूनच्या निर्णयांनी हे तत्त्व घालून दिले आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ते पुन्हा निश्चित केले. केंद्र सरकारच्या नोकऱ्यांतील व केंद्रीय संस्थांतील हक्क मूळ राज्याच्या दाखल्यावर कायम राहतो. पण महाराष्ट्रातील व्यावसायिक महाविद्यालयांच्या जागांसाठी अधिवासाची व दहावी-बारावी येथूनच उत्तीर्ण होण्याची अट बहुधा असते. मुलगी आठवीत असताना परराज्यात बिऱ्हाड नेणाऱ्या बापाने हा विचार त्याच दिवशी केला पाहिजे. ती बारावी झाल्यावर केलेला विचार उपयोगाचा नाही. पगारवाढ मोठी असेल व मुले अगदी लहान असतील तर जाण्यास हरकत नाही. मुले आठवी-नववीत असतील तर कुटुंब येथे ठेवून एकट्याने जाण्याचा त्रास सोसावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

राज्यात राहा वा बाहेर जा, मूळ गाव सोडण्यापूर्वी कागद पुरे करावे. जातीचा दाखला व त्याची पडताळणी यांसाठी पूर्वज १० ऑगस्ट १९५० रोजी जेथे राहात होते तेथील पुरावा लागतो, आणि तो मूळ जिल्ह्यातच सापडतो. आजोबांचा शाळेचा दाखला आणि कोतवाल बुकातील नोंद आज हाताशी आहे. दहा वर्षांनी ती शोधण्यास रजा काढून यावे लागेल. मुलांच्या शाळेच्या दाखल्यावर धर्म व पूर्वाश्रमीची जात बरोबर लिहिली आहे ना, हे शाळा सोडण्यापूर्वी पाहावे. शाळा सोडल्यानंतर ती दुरुस्ती फार अवघड होते. शिधापत्रिका आता देशभर चालते, तीही जवळ ठेवावी.

शेवटी एक कर्तव्य सांगून थांबतो. तुम्हाला घर मिळाले, मुले शाळेत जाऊ लागली, शेजारी ओळखीचे झाले, म्हणजे काम संपले असे समजू नका. तुमच्यामागून आणखी एक कुटुंब त्याच गाडीने येणार आहे. कोणता घरमालक माणूस पाहून घर देतो, कोणती शाळा मुलांना सन्मानाने वागविते, कोणत्या भागात पाण्याचे हाल आहेत, हे एका वहीत लिहून ठेवा आणि विचारणाऱ्यास सांगा. त्या कुटुंबाला पहिले आठ दिवस आपल्या घरात जागा द्या. रविवारी वंदनेला ज्या चार घरांतून माणसे येतील ती घरे एका गल्लीत असण्याची जरुरी नाही. ती शहरभर पसरलेली असोत. त्यांना एकमेकांचे पत्ते ठाऊक असले म्हणजे झाले.

जय भीम.